ताटावरचं नाव

दिवाळी उरकली की आमच्या पाड्यावरची निम्मी घरं जगायला जात. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर सहा महिने कामाला जाणं, याला आमच्याकडे जगायला जाणं असंच म्हणतात, आणि तसं म्हणताना कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. जगायला जायचं तर अख्खं घर बांधून न्यावं लागे, आणि आमच्या घरात बांधायचं काम माझ्याकडे होतं. आठव्या-नवव्या वर्षापासून. तवा सगळ्यात खाली, त्यावर काठवट पालथी, काठवटीच्या पोटात मीठ, तिखट आणि सुकटीची पुडी, भोवती अ‍ॅल्युमिनियमची, आमच्या भाषेत जर्मनची, भांडी एकात एक, मग नागलीच्या पिठाचं फडकं, आणि हे सगळं गोधडीत घालून वर दोरीचे दोन वेढे आडवे, दोन उभे. कोंबडी शेवटी, पाय बांधून, जिवंत. ट्रकमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर पडत, पण माझं बोचकं कधी सुटलं नाही. शेजारच्या बाया आईला म्हणत, तुझी मंजी जरा आमच्याकडं पाठव गं, गाठ मारायला. मी ऐटीत जायची. कामाची असण्याचा मला तेव्हा फार अभिमान होता, आणि तो अभिमान मला पुढे चांगलाच महागात पडला.

परवा माझी नात नाशिकच्या कॉलेजात निघाली तेव्हा तिने फोनवरची यादी मला वाचून दाखवली. चाकाची बॅग, वायरीचा बोर्ड, प्लास्टिकचा मग, दोन कुलपं, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे. "आजी, तू बांधून दे, तुझं घट्ट बसतं," असं म्हणून ती खाटेवर बसून राहिली. मी बांधत होते आणि आत काहीतरी जुनं दुखणं डोकं वर काढत होतं. नातीचा हेवा वाटावा हे काही माझं वय नाही. मग लक्षात आलं की हा हेवा नातीचा नव्हे. तो पन्नास वर्षं जुना आहे, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नावावर आहे.

आमचा पाडा जव्हारकडच्या जामसरच्या अलीकडे, रस्त्यावरून उतरून नाला ओलांडला की टेकाडावर अकरा घरं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. घरात आई, बाबा, मी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान कमळ, आणि मागाहून झालेला लहानगा भाऊ. बाबाला मी इथे 'बाबा म्हणाला' असंच लिहिणार आहे. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, आणि लिहिताना आदर घालायला गेलं की तो कुणी परका माणूस वाटायला लागतो. कमळ दिसायला नाजूक, सावळी, डोळे मोठे. काम मात्र तिच्याच्याने होत नसे. भट्टीवर दोन वर्षं तिला नेऊन बघितलं. विटा उचलायला लावली तर बोटं चेंगरायची, भाकरी करायला बसवलं तर नागलीची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडायची, भावाला सांभाळायला दिला तर दोघं मिळून रडत बसायची. आई कपाळाला हात लावून म्हणायची, ही कोनच्या घराला जाईल गं. मी मनातल्या मनात हसायची. माझी भाकरी हातावरच गोल व्हायची ना.

भट्टीपायी शाळेतली माझी दोन वर्षं बुडाली, म्हणून मी आणि कमळ एकाच वर्गात आलो आणि दहावीला एकत्रच बसलो. त्या वर्षी गुरुजींनी बाबाला बजावलं होतं की पोरींना भट्टीवर नेलंस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. आत्या तेव्हा लग्नाची होती, ती आई-बाबांबरोबर भाकरी भाजायला आणि भावाला सांभाळायला गेली, आणि आम्ही दोघी मागे राहिलो. पास झालो. दोघी. माझे मार्क कमळीपेक्षा जास्त होते. किती जास्त ते सांगत बसत नाही, पण जास्त होते, हे मात्र लिहून ठेवते, कारण त्या वेळी ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

गुरुजी निकाल घेऊन घरी आले ती सकाळ मला आवाजासकट आठवते. आई जात्यावर होती, तिने जातं थांबवलं नाही. गुरुजी म्हणाले, जव्हारला कॉलेज आहे, मुलींचं वसतिगृह आहे, राहणं-जेवण सरकारचं, दोघींचे अर्ज भरू या. बाबा अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. तो म्हणाला, "गुरजी, दोगी गेल्या तं भट्टीवर भाकर कोन भाजल? आत्याचा लगीन झाला. पोरगा बारका, त्याला कोन बघल?" गुरुजी म्हणाले, मग एकीचा तरी भरू. बाबाने माझ्याकडे बघितलं, मग कमळीकडे बघितलं, आणि म्हणाला, "कमळीला धाडा. ती भट्टीवर काय कामाची नाय." एवढंच. त्यात दुष्टावा नव्हता, माया नव्हती, फार विचारही नव्हता. पेरणीला कुठला बैल न्यायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवतात तसं ते ठरलं. गुरुजी माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण मी भावाला कडेवर घेऊन आत निघून गेले. मला वाटलं, कुणीतरी मागून हाक मारेल, तुला काय वाटतं म्हणून विचारेल. जात्याचा आवाज तेवढा येत राहिला.

त्या दिवसापासून कमळीचं सगळं माझ्या डोळ्यांत सलायला लागलं. ती केस विंचरायची ते सलायचं, ती झोपेत हसायची ते सलायचं. मला हेवा वाटत होता, आणि तो साधासुधा नव्हता. त्या दिवसांत आई शेवळं आणायची, रानातली, जमिनीतून सुळकन वर आलेली. काकडाच्या झाडाच्या आंबट फळांत शिजवली नाहीत तर घसा खाजतो. आई भाजी छान करायची, तरी मला वाटायचं माझ्याच वाट्याला खाजरी भाजी येतेय. कमळीच्या पानात आईने सुकटीचा एक तुकडा जास्त घातला, ती आता जाणार म्हणून. मी तो तुकडा मोजला. सतरा-अठरा वर्षांची घोडी मी, आणि बहिणीच्या ताटातली सुकट मोजत होते.

मग वसतिगृहाची यादी आली. निळ्या शाईतला छापील कागद, कडा पुसट झालेल्या. वाचून दाखवायला मलाच बसवलं, कारण कमळ वाचताना अडखळायची नि लाजायची. पेटी, कुलूप, अंथरूण, पांघरूण, बादली, आरसा, कंगवा, खोबरेल तेल, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, वह्या, पेन. आणि खाली रेघ मारून लिहिलेलं: स्टीलचे ताट, वाटी, पेला, तिन्हींवर विद्यार्थिनीचे नाव घातलेले असावे. आईने मध्येच विचारलं, "तवा नाय लिवलाय? काठवट?" मी म्हटलं, नाही. "मग खातील काय?" भात-वरण तिथेच शिजवून देतात, असं मी सांगितलं तर आईला ते खरं वाटेना. दुसऱ्याने शिजवलेलं, रोज, बसल्या जागी? तिने दोनदा विचारलं. मलाही ते पहिल्यांदाच पुरतं कळलं. कमळ दोन वर्षं बसून खाणार होती. भाकरी मोडली म्हणून तिला बक्षीस मिळालं होतं.

पेटी मामाने दिली, पत्र्याची, हिरवी, झाकणावर गुलाबाची दोन फुलं रंगवलेली, एक जरा खरवडलेलं. कुलूप बाबाने आणलं. आमच्या घराला कुलूप कधीच नव्हतं, लावणार कशाला, कुडाच्या दाराला? किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून आईने कमळीच्या गळ्यात घातली, आणि पाड्यावरची पोरं ती किल्ली बघायला यायची. माझ्या गळ्यात मण्यांची माळ होती, ती कुणी बघायला आलं नाही. आरसा तळहाताएवढा होता. कमळ झोपली असताना मी दुपारी तो पेटीतून काढून माझं तोंड बघितलं. त्या तोंडावर जे दिसत होतं ते मला आवडलं नाही, म्हणून लगेच परत ठेवला.

राहिली होती भांडी. ती घ्यायला जव्हारच्या बाजारात जायचं होतं. खरं तर कमळीने जायला हवं, पण कमळीला गाडी लागते. एस्टीत बसली की पहिल्याच वळणाला तिचं पोट ढवळायला लागतं. म्हणून बाबा म्हणाला, मंजी, तू चल, यादी तुलाच वाचता येतं. तेव्हा मी गेले. बाजार भरलेला, मिरच्यांचे ढीग, सुक्या बोंबलाचा वास, दुकानादुकानातून रेडिओ. भांड्यांच्या दुकानात मी ताट उचलून वाजवून बघितलं. आमच्या घरातली जर्मनची ताटं वाजत नाहीत, नुसती ठक करतात. हे घुमलं. बाबा म्हणाला, "ह्याच घे. असा पायजे."

दुकानाच्या पायरीला नाव घालणारा बसायचा, म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडीत ताट धरायचा, बारीक छिन्नी नि हातोडी, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटत जायचं. तोंडात तंबाखूची गुळणी असल्याने तो बोलत नसे. त्याने मला एक चिठ्ठी नि पेन्सिलीचा तुकडा दिला आणि बोटाने खूण केली, नाव लिही. बाबाने अभिमानाने आजूबाजूला बघितलं. "लिव," म्हणाला, "चांगला मोठा लिव."

आता मी काय केलं ते लिहिते. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. अंगणवाडीत बायकांसमोर मी कितीदा म्हटलंय, घरात खोटं बोलू नका, मुलं शिकतात. आणि मी स्वतः. पेन्सिल हातात घेतली तेव्हा कमळ हेच लिहायचं माझ्या मनात होतं. अगदी खरं सांगते. 'क' काढायला हात उचलला आणि हाताने 'मं' काढला. असं म्हणणंही लबाडीच झाली, हात माझाच होता. मी मंजुळा लिहिलं, सरळ, ठसठशीत, बाबाने सांगितलं तसं मोठं, आणि चिठ्ठी म्हाताऱ्याच्या हातात दिली. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला अक्षर एक कळत नव्हतं. "झ्याक लिवलास," म्हणाला.

म्हाताऱ्याने ताटावर नाव घातलं. टिक टिक टिक. मग वाटी उचलली नि भुवया वर केल्या, तेच ना? मी मान हलवली. मग पेला उचलला, पुन्हा भुवया. पुन्हा मी मान हलवली. एकदा चूक होते, तीनदा होत नाही. दुसऱ्या वेळी मला थांबवता आलं असतं. उलट माझं नाव उमटताना बघून मला इतकं बरं वाटत होतं, की अजून दहा भांडी असती तरी मी मान हलवली असती. माझं नाव शाळेच्या वहीवर होतं तेवढंच, आणि त्या वह्या आईने चुलीत घातल्या होत्या. हे स्टीलवर होतं. एस्टीत बाबाने ताट मांडीवर घेतलं आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "कमळीचा नाव कसा झक्क दिसतं." तेव्हा कुठे मला भीती वाटली.

घरी आल्यावर पेटी मीच भरली. दुसरं कोण भरणार? भांडी कमळीच्या परकरात गुंडाळली, नावं आतल्या बाजूला, आणि पेटीच्या तळाशी घातली. त्यावर अंथरूण. त्यावर आईने बळेच दिलेली सुकटीची पुडी, तिखटाची पुडी आणि नागलीचं पीठ. कारण दुसऱ्याच्या हातचं बसून खाणं तिला अजून पटलेलं नव्हतं. कमळ शेजारी बसून बघत होती. मधूनच म्हणाली, "बाय, भांडी एकदा बघू दे ना." मी तिच्यावर खेकसले, "बांधलाय आता, परत सोडू काय? तिकडं जाऊन बघत बस जल्मभर." मला वाटलं, निभावलं.

जायच्या दिवशी पेटी माझ्या डोक्यावर, बादली बाबाच्या हातात, कमळ मोकळी. तरी एस्टीत ती दोनदा ओकली. मी तिची पाठ चोळली आणि मनात म्हणत होते, ओक, अजून ओक, हिला म्हणे कॉलेज. वसतिगृहाच्या फाटकाशी शिपायाने बाबाला अडवलं, पुरुषांना आत यायचं नाही. बाबा बाहेर आंब्याखाली उकिडवा बसला. आम्ही दोघी आत गेलो. लांबच लांब पडवी, लोखंडी खाटा दिसत होत्या, एका मुलीने भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं, कुठेतरी फोडणीचा वास येत होता. मी त्या वासाने जागच्या जागी थांबले. कुणीतरी फोडणी देत होतं आणि ती मी नव्हते.

गृहपालबाई टेबलाशी बसल्या होत्या, पांढरी साडी, हातात यादी. प्रत्येकीचं सामान उघडून बघत होत्या, कारण मागच्या वर्षी भांड्यांवरून मारामाऱ्या झाल्या होत्या आणि एकीची भांडी दुसरीकडे सापडली होती. आमच्या पुढच्या मुलीच्या पेल्यावर नाव नव्हतं तर तिला बाजूला उभी केली होती. कमळीने गळ्यातली किल्ली काढली. पेटी उघडली. सुकटीचा वास आला तशा दोन-तीन मुली हसल्या. बाईंनी नाक मुरडलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी परकराचं गाठोडं सोडलं, ताट उजेडाकडे धरलं आणि वाचलं.

"मंजुळा. ही कोण? कागदावर तर कमळ आहे."

बाईंनी वाटी बघितली, पेला बघितला. "तिन्हींवर मंजुळा. कुणाची भांडी आहेत ही? कुठून आणलीत? तुमचे वडील बाहेर आहेत ना, बोलवा त्यांना." त्यांचा आवाज चढला होता. बाबा आत येणार, बाई त्याला विचारणार, आणि मग तो म्हणणार, बाई, लिवलाय तं माझ्याच पोरीनं. सगळ्यांच्या देखत त्याला कळणार की त्याला ताट वाचता आलं नाही, म्हणून त्याच्याच पोरीने त्याला फसवलं. तोंड उघडायला हवं होतं. उघडेना. हात चलाखी करतो, तोंड मात्र ऐन वेळी दगा देतं.

"बाई, मंजुळा मीच," कमळ म्हणाली. "शाळंत कमळ, पण घरात माला मंजुळाच हाक मारतात. बाबाला वाटला घरचाच नाव घालायाचा असतं."

वाचताना अडखळणारी कमळ. एक शब्द अडखळला नाही. बाईंनी तिला निरखून बघितलं, मग हसल्या. "अगं, कागदावरचं नाव घालायचं असतं. बरं, असू दे. आणि ही कोण तुझी?" कमळ म्हणाली, "बहीन. थोरली." "हिचं नाव?" आता आली पंचाईत. माझं नाव कमळीने घेतलं होतं, कमळीचं कागदावर होतं, आणि मी तिथे बिननावाची उभी. कमळ म्हणाली, "आमी थोरलीच म्हनतो हिला." बाई माझ्याकडे वळल्या. त्या मायेनेच विचारत होत्या, म्हणून ते जास्त लागलं. "तू का गं नाही शिकत?" तिथे मी काय सांगायला हवं होतं? की मी दहावी पास आहे, माझे मार्क हिच्याहून जास्त आहेत, ते ताट माझं आहे? पण तसं म्हटलं असतं तर कमळीचं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "माला शाळेची गोडी नाय." बाई म्हणाल्या, "असं कसं? बघ धाकटी कशी धीट आहे. तिच्याकडून शिक काहीतरी." आणि त्यांनी रजिस्टरवर खूण केली.

पुढची दोन वर्षं त्या वसतिगृहात कमळ मंजुळाच होती. मुली तिला मंजू म्हणायच्या. ती शिकली, नर्स झाली, मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यांवर तिने जन्म काढला. मी मागाहून, लग्नानंतर, बाहेरून बारावीला बसले आणि अंगणवाडीत लागले. तोवर तिला नोकरी लागून कितीतरी वर्षं झाली होती. आजही जव्हारच्या बाजारात तिच्या वेळची एखादी बाई मला थांबवते आणि विचारते, मंजुळा कशी आहे हो? मी म्हणते, मजेत आहे. माझं नाव कॉलेजात गेलं, परीक्षा पास झालं, पगारावर लागलं. मी फक्त त्याच्याबरोबर गेले नाही.

पण त्या दिवशी, पेटी खाटेखाली सरकवायला आम्ही दोघी वाकलो तेव्हा मी हळूच विचारलं, "तू कदी बघितलास?" ती म्हणाली, "तू नाल्यावर गेली तवाच. परकर सोडून बघितला." "मग बोलली का नाय?" ती पेटी आत ढकलत म्हणाली, "बोलली असती तं बाबानं तुला मारला असता. आनि बाय, तुझेच मार्क जास्त होते ना." एवढ्या दिवसांत ते वाक्य म्हणणारी ती पहिली. मी तिला मिठी मारायला हवी होती. मी मारली नाही. मला तिचा राग आला. जागा हिची, खाट हिची, कुलूप हिचं, आता चांगुलपणाही हिचाच. माझ्यासाठी काही ठेवायचं की नाही? मी तशीच उठून बाहेर आले, आणि ती दारापर्यंत माझ्या मागे आली, हे मला चपलांच्या आवाजावरून कळलं, पण मी वळले नाही.

आम्ही बाप-लेक एस्टीतून उतरलो आणि पाड्याकडे चालायला लागलो. बाबा खुशीत होता. रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता, पोरीला कालेजात टाकून आलो. नाल्याच्या उतारावर तो म्हणाला, "मंजे, तू मनाला लावून घेऊ नको. तुझ्या लग्नात तुझा पन नाव घालू भांड्यांवर. ताट, वाटी, हंडा, सगळ्यावर. त्याच म्हाताऱ्याकडं जाऊ."

तो हे मायेने बोलला, आणि त्या मायेनेच माझा बांध फुटला. मी रस्त्यातच उभी राहिले. "बाबा, माला लग्नाची भांडी नकोत. माला तिकडं जायाचा होता." तो थांबला. मी म्हटलं, "त्या ताटावर कमळीचा नाव नाय. माझा हाय. मी लिवला."

त्याला ते उमगायला वेळ लागला. त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं, जो अंगठा त्याने ठिपक्यांवरून फिरवला होता त्याच्याकडे. मला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण तो खाली दगडावर बसला. "मग आदी का नाय बोलली?" "तू इचारला नाय." "इचारला नाय," तो म्हणाला, माझंच बोलणं त्याने परत म्हटलं. नाल्यात बाया कपडे आपटत होत्या. त्यांच्यातली एक ओरडून म्हणाली, काय रे, पोहोचवली का पोरगी? त्याने नुसता हात वर केला.

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तू गेली असती ना मंजे, तं भट्टीवर आमी उपाशी मेलो असतो. कमळीवाचून चालतं. तुझ्यावाचून नाय चालं. म्हनून ठेवली तुला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे आयुष्यभर मला कुणी एवढं मोठं काही बोललं नाही, नवरा नाही, लेक नाही. आणि त्या घडीला मी मनात फक्त एवढंच म्हटलं, की देवा, मला कमळीसारखी बिनकामाची का नाही केलीस.